लाल म्हाताऱ्याच्या अटी

जगात जेवढं दुःख आहे ते अटींमुळे नाही, अटींच्या चुकलेल्या क्रमामुळे आहे, असा सिद्धान्त यशोधन आगटे याने २००४ च्या उन्हाळ्यात मांडला आणि आपल्या परीने मानवजातीचा प्रश्न निकालात काढला. सिद्धान्त मांडला तेव्हा तो अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या चँडलर गावी, इंडियन स्टोअरमध्ये भेंड्या निवडत होता. बाकीची गिऱ्हाइकं भेंडी आधी बघायची, मग हातात घ्यायची, मग शेंडा मोडायची. यशोधनचं म्हणणं, शेंडा आधी मोडा. जून भेंडी तिथेच नापास होते, पुढचं बघण्याचे कष्ट वाचतात. त्याने अर्धं खोकं शेंडे मोडून नापास केलं. पुढच्या आठवड्यात दुकानात पाटी लागली, ‘भेंडी मोडून पाहू नये.’ सिद्धान्ताची जाहीर दखल अशी एवढीच घेतली गेली.

तसा तो पोटापाण्यासाठीही हेच करायचा. चिपच्या कारखान्यात टेस्ट इंजिनिअर. चिप बाहेर पडण्याआधी तिच्या ढीगभर चाचण्या होतात, आणि ज्या चाचणीत चिपा पटकन आणि घाऊक नापास होतात ती चाचणी सगळ्यात आधी घ्यायची, म्हणजे यंत्राचा वेळ वाया जात नाही. या कामाबद्दल कंपनीने त्याला काचेचा एक त्रिकोण दिला होता. त्या त्रिकोणाच्या भरात त्याने पुण्याला आईलाही फोन केला. आई त्याच्यासाठी मुली बघत होती. आधी पत्रिका, मग उंची, मग शिक्षण, असा तिचा पिढीजात क्रम. यशोधन म्हणाला, “आई, पहिला प्रश्न विचार, जूनमध्ये अ‍ॅरिझोनात राहशील का?” आईने विचारला. चाळणी उत्तम चालली. खाली काहीच पडलं नाही.

आता उल्हासबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याचीच आहे, आणि तो हयात नाही.

उल्हास खापरे नागपूरचा. यशोधनच्याच कारखान्यात, दोन टेबलं सोडून बसायचा. शनिवारी दुपारी जेवणं झाली की हे दोघं राजस आणि चैत्राली या नवरा-बायकोच्या घरी जमायचे. तिथे गालिच्यावर चार कॉम्प्युटर, त्यांच्यामधून वायरींचं जाळं, खिडक्यांचे पडदे ओढलेले, बाहेर अंडं फुटपाथवर शिजेल असं ऊन आणि आत चौघंजण एकमेकांच्या किल्ल्यांवर सैन्य घालण्यात मग्न. खेळ बाजारातलाच, पण त्याच्यासोबत एक एडिटर यायचा. त्यात आपला आपण मॅप बनवायचा: डोंगर, नद्या, माणसं, आणि कोणी कधी काय करायचं याचे नियम. त्या नियमांना म्हणायचे ट्रिगर. अमुक अटी पुऱ्या झाल्या तर हे कर, नाही झाल्या तर ते कर.

उल्हासने एक मॅप बनवला होता आणि दोन वर्षं ते तोच खेळत होते. तटबंदीचं गाव, पश्चिमेला मोठा दरवाजा, भोवती संत्र्यांच्या बागा. खेळात संत्रं नव्हतं म्हणून सफरचंदाची झाडं लावलेली. पण त्यांना सफरचंद म्हटलेलं उल्हासला खपायचं नाही. गावात, दरवाजाच्या आतल्या अंगाला, झाडाखाली एक म्हातारा बसलेला. उल्हासच्या लाल रंगाचा. हातात शस्त्र नाही, काम नाही, धंदा नाही. दोन वर्षांत तो जागचा हलला नव्हता.

“हा कशाला ठेवलायस?” यशोधनने विचारलं होतं.

“बसू दे ना बे. तुझं काय खाऊन राहिला?”

“आणि खेळाडू चार, जागा पाच? दाराबाहेर ती गुलाबी जागा कोणाची?”

“मोजायला चुकलो असेन.”

पण यशोधनचं खरं दुखणं निराळं होतं. तो मॅप अडखळायचा. ऐन लढाईत सगळं दर थोड्या वेळाने क्षणभर गोठायचं, घोडे टापा उचललेल्या अवस्थेत थांबायचे, मग पुन्हा सुरू. कुठल्या तरी ट्रिगरमध्ये उल्हासने अटी उलट्यासुलट्या लावल्या आहेत हे यशोधनला न बघताही कळत होतं, जसं निष्णात गवंड्याला भिंतीकडे पाठ करूनही ओळंबा कळतो. “एकदा एडिटर उघडू दे रे मला,” तो दर शनिवारी म्हणायचा. उल्हास म्हणायचा, “दम घेऊ दे ना त्याला. तू नाही घेत का दम?” संध्याकाळी उल्हासचा फोन वाजायचा. पलीकडे आश्लेषा, त्याची बायको. “यायचंय की तिथेच राहतोस?” “आलोच, आशू,” म्हणून तो निघायचा.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी उल्हास ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये गेला, गाडीत बसला आणि गाडी सुरू केलीच नाही. किल्ली हातात, पट्टा लावलेला. डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं. पस्तिशीसुद्धा झाली नव्हती.

सगळे सोपस्कार झाले, भेटायला येणारे पांगले, आणि एका दुपारी आश्लेषाने यशोधनला दारापर्यंत पोहोचवताना विचारलं, “यशोधन, खरं सांगा हं. मला वाईट वाटणार नाही. दर शनिवारी तो माझ्यापासून पळून तिथे यायचा का?”

हा प्रश्न तिने बरेच दिवस जपून ठेवलेला दिसत होता. तिला या देशात नोकरी करायची परवानगी नव्हती. आठवडाभर ती घरात एकटी, आणि शनिवार आला की हा बाहेर. यशोधनला एका शब्दात उत्तर देता आलं असतं. त्याने चाचण्या लावायला सुरुवात केली: पळणं म्हणजे नेमकं काय, कशापासून, किती वेळ. शेवटी म्हणाला, “नाही वहिनी, म्हणजे, त्याला मॅप बनवायची आवड होती.”

“बरं,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. ते ‘बरं’ यशोधनच्या मागे घरापर्यंत आलं आणि तिथेच राहायला लागलं.

आश्लेषाचा व्हिसाही अटीवरच टांगलेला. तिचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर होता. नवरा गेला की अट गेली. ऑफिसच्या वकिलाने अतिशय सभ्य शब्दांत तिला आवराआवर करायला मुदत दिली, आणि जूनच्या अखेरीस तिने नागपूरला जायचं ठरलं.

इकडे शनिवार चालूच होते. बंद कोणी आणि कसे करायचे हे कोणालाच कळेना. उल्हासचा कॉम्प्युटर राजसकडेच होता. आश्लेषाला तो घरात नको होता. मॅप लाल खेळाडूशिवाय सुरू होत नसे, म्हणून ते त्याचा कॉम्प्युटर चालू करत, त्याच्या नावाने खेळात शिरत आणि की-बोर्डला हात न लावता आपापल्या जागी येऊन बसत. लाल सैन्य उभं असायचं तिथेच उभं राहायचं. त्याच्यावर हल्ला करायचा नाही, असं न ठरवता ठरलं होतं. मॅप अडखळायचा, गोठायचा, आणि त्या क्षणी तिघांचीही मान नकळत त्या रिकाम्या खुर्चीकडे वळायची. कोणीतरी दाराशी येऊन आत यावं की नाही असा विचार करतंय, तशी ती शांतता असायची.

“मला हे सहन होत नाही,” एका शनिवारी यशोधन म्हणाला. “मी ते दुरुस्त करतो.”

“त्याचं आहे ते,” चैत्राली म्हणाली.

“त्याचंच राहील. फक्त अडखळणार नाही.”

त्याने एडिटर उघडला. तो ट्रिगर सापडायला वेळ लागला नाही. उल्हासने पहिलीच अट अशी घातली होती की दर थोड्या वेळाने सगळा मॅप धुंडाळायचा, माणसं, घोडे, कोंबड्या, बागेतली शेळी धरून प्रत्येक जीव तपासायचा, आणि त्यात अमुक एका खेळाडूचं कोणी आहे का ते बघायचं. असा खेळाडू कधीच नसायचा. शोधून शोधून खेळाचा श्वास संपायचा. एका दमात किती मोजायचं याला त्याची मर्यादा होती, आणि ती ओलांडली की तो मुकाट्याने पुढचं सगळं सोडून द्यायचा. म्हणजे या ट्रिगरमध्ये पुढे जे काही लिहिलं होतं ते दोन वर्षांत एकदाही घडलेलं नव्हतं. बाकीच्या अटी साध्या होत्या: दरवाजा उघडा असावा, दारात बाहेरचं कोणी उभं असावं. यशोधनने त्या वर घेतल्या आणि ती महागडी शोधाशोध सगळ्यात खाली ढकलली, म्हणजे वरची अट नापास झाली की शोधायचे कष्टच वाचणार. खेळाडूचं नाव काय आहे, पुढे काय घडायचं आहे, हे त्याने वाचलं नाही. चिपचं नाव काय हे तरी तो कुठे विचारायचा?

मॅप लोण्यासारखा चालू लागला. आणि तिघांनाही घाम फुटला.

कारण थोड्या वेळाने झाडाखालचा लाल म्हातारा उठला.

उल्हासच्या की-बोर्डजवळ कोणी नव्हतं. म्हातारा सावकाश पश्चिमेच्या दरवाजापर्यंत चालत गेला, बाहेर बघत उभा राहिला, आणि परत येऊन झाडाखाली बसला. पुन्हा थोड्या वेळाने उठला. पुन्हा दरवाजा. पुन्हा परत. बाहेर लढाई पेटलेली असो की धूळ खाली बसलेली, त्याच्या येरझाऱ्या चालूच. फेब्रुवारीपासून त्या गावातलं लाल रंगाचं काहीही हललं नव्हतं.

राजस हा पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. त्याने खेळ तसाच चालू सोडला, आत गेला आणि उदबत्ती लावून उल्हासच्या कॉम्प्युटरपुढे खोवली.

“राजस, अरे, स्मोक अलार्म!” चैत्राली ओरडली.

अलार्म वाजलाच. छताखाली खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत राजस म्हणाला, “मी काही मानत नाही. पण एका म्हाताऱ्याला मी दोन वर्षं बसलेलं बघितलंय. आता तो उठून कोणाची तरी वाट बघतोय. कोणाची ते मला कळलं पाहिजे, नाहीतर मी पुढच्या शनिवारी मॉलमध्ये जाऊन बसणार.”

मग यशोधनने, पहिल्यांदाच, वाचलं. आणि त्याला मॉलमध्ये जायची इच्छा झाली.

अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर म्हाताऱ्याने दारापर्यंत जायचं, बाहेर बघायचं, परत यायचं. पुऱ्या झाल्या तर दारापर्यंत जायचं, ‘आलीस?’ एवढंच म्हणायचं आणि परतायचं. रोमन अक्षरांत, कारण त्या खेळाला देवनागरी येत नव्हती. आणि मॅपभर ज्या खेळाडूचा शोध चालायचा तिचं नाव होतं ‘आशू’. जागा पाचवी. गुलाबी.

“मोजायला चुकला नव्हता,” चैत्राली म्हणाली. बंद पडद्यांच्या फटींतून उन्हाच्या पांढऱ्या रेघा गालिच्यावरून सरकत होत्या, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर म्हातारा पुन्हा उठला होता.

“तिला सांगायला हवं,” चैत्राली.

“काय सांगणार? तुमचा नवरा कॉम्प्युटरमध्ये आहे?” राजस.

“नाही. तो पळत नव्हता, हे.”

पुढच्या शनिवारी आश्लेषा आपणहून आली. परतायचा दिवस जवळ आला होता, आणि घर रिकामं करताना शेजारपाजारचे डबे ज्याचे त्याला पोहोचवणं चालू होतं. चैत्रालीचे दोन डबे आणि एक झारा तिने टेबलावर ठेवला. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. खालच्या कॉम्प्युटरकडे न बघता ती म्हणाली, “निघते. गाडी विकली, टॅक्सी थांबवलीये बाहेर.”

“वहिनी, एक मिनिट,” यशोधन म्हणाला. “त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना. मी उत्तर बरोबर दिलं नव्हतं.”

“असू द्या हो.”

“बसा ना. दाखवतो.”

तिला सगळं सांगेपर्यंत टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि राजस जाऊन त्याला वाटेला लावून आला. यशोधनने कागदावर अटी काढून दाखवल्या, वरखाली बाण काढले. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तो मला शोधायचा.”

“हो. सतत. खेळ त्यामुळेच अडखळायचा.”

“आणि त्याने मला कुठे ठेवलं होतं?”

“सगळ्यात वर. पहिली अट.”

“आणि आता मी कुठे आहे?”

यशोधनने घसा साफ केला. “शेवटी.”

“कोणी टाकलं मला शेवटी?”

“मीच, वहिनी. पण ते फक्त वेळेच्या दृष्टीने. तुम्ही कधीच सापडत नव्हता ना, आणि शोधायला फार जड...”

“यशोधन,” राजस हळूच म्हणाला, “थांब आता.”

आश्लेषाला हसू आलं. फेब्रुवारीनंतर तिला हसताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते हसू पुरतं उमटायच्या आधीच मावळलं. “तो म्हणायचा, चल ना एकदा. मी म्हणायचे, मी काय करू तिथे, तुमचे घोडे बघू? मला वाटायचं, तोंडदेखलं विचारतोय.” ती थोडा वेळ म्हाताऱ्याच्या येरझाऱ्या बघत राहिली. “हा असाच करत राहणार?”

“हवं तर मी अटी पूर्वीसारख्या करतो. तुम्ही परत पहिल्या. पण मग खेळ तिथेच दमणार आणि हा उठणारच नाही.”

“नको. शेवटी तर शेवटी,” ती म्हणाली. “कुठे बसू?”

ती उल्हासच्या खुर्चीकडे वळली तशी चैत्रालीने तिला हाताला धरून थांबवलं. “तिथे नको. ते लाल आहे. तू पाचवी.” राजसने ऑफिसचा लॅपटॉप आणून जोडला. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. नावाच्या चौकटीत काय टाइप करायचं ते तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिने कोणाला विचारलं नाही.

तटबंदीबाहेर, झाडांच्या रांगेपाशी, गुलाबी लुगड्यातली एक बारकीशी बाई उभी राहिली. दोन वर्षांत ती जागा भरलेली कोणी पाहिली नव्हती.

“सफरचंदं?” आश्लेषाने विचारलं.

“संत्री,” तिघंही एकदम म्हणाले.

“इथे माउस दाबला की चालते? अगं बाई, ही कुठे निघाली?” गुलाबी बाई भलतीकडे भटकली, झाडाला अडकली, सुटली, आणि शेवटी उघड्या दरवाजाच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मॅप गोठला. दुरुस्तीनंतर असं एकदाही झालं नव्हतं. झाडाची पानं थांबली, शेळीची मान उचललेलीच राहिली. यशोधनच्या मनात आलं, सापडायला वेळ लागतोय. पुढच्याच क्षणी त्याला वाटलं, नाही, आता सापडलीय, म्हणून. मग सगळं पुन्हा हललं आणि म्हातारा उठला.

आज तो सावकाश नव्हता. यशोधनला त्याचा वेग पाठ होता, आणि हा तो वेग नव्हता. म्हातारा दरवाजाशी आला, गुलाबी बाईच्या समोर थांबला, आणि पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं उमटली.

आलीस?

आश्लेषाने तोंडावर हात दाबला. चैत्रालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. राजस उल्हासच्या रिकाम्या खुर्चीकडे असा बघत होता की तिथून नजर काढली तर काहीतरी निसटेल. की-बोर्डवर धुळीचा पातळ थर होता, अखंड.

यशोधन म्हातारा परत फिरायची वाट बघत होता. लिहिलेलं तेवढंच होतं. ‘आलीस’ म्हणायचं आणि परतायचं. त्याने स्वतः वाचलं होतं, दोनदा. म्हातारा फिरला नाही. त्याने बाहेरच्या बाजूला एक पाऊल टाकलं आणि तो गुलाबी बाईला अडला. मागे सरकला. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा अडला. तटबंदीबाहेर बागेतून एक पायवाट गेली होती. मॅपच्या कडेला जाऊन ती संपायची, आणि तिच्या पलीकडे काय आहे हे उल्हासने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

“तो काय करतोय?” आश्लेषाने विचारलं. “यशोधन, तो आता काय म्हणणार आहे?”

“काही नाही, वहिनी,” यशोधन म्हणाला. “पुढे काहीच लिहिलेलं नाही.”

लाल अक्षरं दुसऱ्यांदा उमटली. एकेक अक्षर, जरा चाचपडत, कोणीतरी दोन बोटांनी टाइप करावं तशी.

आशू, जरा बाजूला सरकून घे ना. दारात उभी आहेस.